धुऱ्यावर सापडलेली बाटली

पावसाचे दोन-चार जोरदार सडाके झाले की आपल्या मानोऱ्याकडे धुऱ्यावर, नाल्याकाठी, जुन्या गावठाणात काचेच्या बाटल्या उघड्या पडतात. निंदणाला गेलेल्या बाईच्याच हाताला त्या आधी लागतात. म्हणून आज त्या ओळखायच्या कशा, ते आम्ही सांगणार आहोत.

हात घालू नका, खुरप्याने माती सारा. बाटलीच्या अंगावर साच्याची उभी रेघ दिसेल. ती तोंडाच्या काठापर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्रावरची. मानेतच थांबली असेल तर तोंड मागाहून हाताने घडवलेलं, म्हणजे बाटली जुनी असू शकते. पण नुसत्या रेघेवरून साल ठरवू नका, यंत्रं आल्यावरही फुंकून बाटल्या करणं चालूच होतं. काचेतच उठलेली अक्षरं मात्र नीट वाचा. कारखान्याचं किंवा गावाचं नाव मिळालं तर पुढचा शोध सोपा. आपल्या राज्यात तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला, तोही लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून!

मानेला चिमटा आणि आत गोटी असेल तर ती गोटी सोड्याची बाटली. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सोड्यातला वायूच गोटीला वरच्या रबरी कड्यावर दाबून धरतो. पोरं गोटीसाठी बाटली फोडायची, म्हणून अख्खी सापडली तर नवलच.

आता खरी काळजीची बाटली. कपाशीवरच्या औषधाची. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. लेबलवर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवासुद्धा विषच. मातीत लेबल कुजून जातं, तेव्हा ओळख न पटलेली बाटली विषाचीच समजा. बूच उघडू नका, वास घेऊ नका. कितीही धुतली तरी तिच्यात तेल, मध, बियाणं भरायचं नाही. विहिरीजवळ पुरायची नाही. लेकरांपासून दूर ठेवून सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. कोणाला त्रास झालाच तर १०८ ला फोन करा, उलटी करवू नका, आणि बाटलीचा फोटो दवाखान्यात दाखवा.

बिनधोक, रिकामी जुनी बाटली मिळाली तर फुटका काठ चिंधीत गुंडाळून गटाच्या बैठकीला आणा. अक्षरं सगळ्याजणी मिळून लावू.