सांगाडा तोच, गाडी नवी
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही सरकारी वर्कशॉपमधली डिप्लोमावाली माणसं. आम्हाला व्याख्यान द्यायची सवय नाही, गाडीखाली झोपायची आहे. कार्यवाह म्हणाले, ‘जुन्या अमेरिकन गाड्यांवर बोला.’ त्यांच्या डोळ्यांपुढे लांबलचक कॅडिलॅक असणार. आम्ही बोलणार आहोत लहान गाड्यांबद्दल. लहान म्हणजे तिकडच्या हिशेबाने, कारण त्यातल्या बहुतेक आपल्या अॅम्बॅसडरपेक्षा लांबच होत्या.

या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसे. तळाचा पत्रा, इंजिनामागची भिंत, सस्पेन्शन बसवायच्या जागा, सगळं एकत्र वेल्ड केलेलं. खरा खर्च हे पत्रे दाबायच्या डायवर होतो. मग एकदा डाय केले की कंपनी ते सहजी सोडत नाही. आपल्या मखराचंच बघा ना. लाकडी सांगाडा वर्षानुवर्षं तोच, वरची सजावट दरवर्षी नवी.

फोर्डची फाल्कन १९६० सालची. साधी, काटकसरी. एप्रिल १९६४ मध्ये तिच्याच सामानावर मस्टँग आली, किंमत २,३६८ डॉलर, आणि लोकांच्या उड्या पडल्या. पण वारशात दोषही येतात. फाल्कनच्या पेट्रोल टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ होता. मस्टँगमध्येही तेच राहिलं. मागून जोराची धडक बसून टाकी फुटली, तर पेट्रोल आणि माणसं यांच्यामध्ये जेमतेम मागच्या सीटची पाठ. पैसे वाचले, पण नको त्या जागी, असं आमचं मत.

आमची आवडती गोष्ट अमेरिकन मोटर्सची. तिन्ही बड्या कंपन्यांपुढे ही अगदी छोटी. तिची हॉर्नेट १९६९ च्या शेवटी आली, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०८ इंच. काही महिन्यांत त्यातले १२ इंच कापून ग्रेमलिन निघाली. दरवाजापर्यंत हॉर्नेट, मागे एकदम शेपूट तोडलेली! ती बाजारात आली १ एप्रिलला, त्यामुळे थट्टा व्हायची ती झालीच. १९७८ मध्ये आवाज कमी करून, आतली गादीबिदी सुधारून त्याच हॉर्नेटची काँकॉर्ड झाली. नवा सांगाडा करायला पैसे नव्हते हो. आणि मग १९८० सालासाठी त्याच सांगाड्याला चारही चाकांना जोर देऊन ईगल काढली. तेव्हाच्या जीपला पुढे अखंड अॅक्सल असे, त्यामुळे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी. इथे पुढचं डिफरन्शिअल इंजिनालाच बांधलं आणि दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होत राहिली. बॉडी सुमारे तीन इंच उचलली, एवढंच. कार आणि जीप यांच्या मधली गाडी आज गल्लोगल्ली दिसते, ती या लोकांनी गरिबीतून शोधली. १९८७ मध्ये क्रायस्लरने कंपनी विकत घेतली आणि त्याच डिसेंबरमध्ये शेवटची ईगल बाहेर पडली.

त्या क्रायस्लरचंही ऐका. त्यांच्या व्हॅलिअंट आणि डार्ट, ३० अंश कलवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, पुढे टॉर्शन बार. मोडता मोडत नसत. १९७६ मध्ये त्यांच्या जागी अॅस्पेन आणि व्होलारे आणल्या. थोड्याच काळात पुढची मडगार्डं गंजली, ती कंपनीला पदरमोड करून बदलून द्यावी लागली, गाड्या परत बोलवाव्या लागल्या. १९७९ मध्ये कंपनी कर्जाची हमी मागायला सरकारच्या दारात उभी होती. एवढ्या एकाच कारणाने नव्हे, पण हेही त्यातलंच.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, घरची तीस वर्षांची गाडी ठेवू की काढू? काका, रविवारी घेऊन या. वरचा रंग राहू दे, आम्ही आधी खालून बघतो.