पोटदुखीची गोळी आणि डोळ्याची बाहुली



पोटात कळ येते.
आपण दुकानातून गोळी आणतो.
अशा पुष्कळ गोळ्यांत डायसायक्लोमिन नावाचे औषध असते.
पाळीच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांतही ते असते.

आतड्याचे स्नायू आखडले, की कळ येते.
ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन त्यांना आखडण्याचा निरोप देते.
हे औषध तो निरोप अडवते.
स्नायू सैल पडतात, कळ थांबते.

पण श्रोतेहो, हाच निरोप डोळ्यातही चालतो.
तिथे तो बाहुली लहान करतो.
तो अडला, की बाहुली मोठी होऊ शकते.
मग उजेड सहन होत नाही.
जवळची अक्षरे धूसर दिसतात.

बहुधा औषधाचा अंमल ओसरला, की हा त्रास जातो.
मात्र काहींच्या डोळ्यात द्रव बाहेर जाण्याची वाट अरुंद असते.
बाहुली मोठी झाली, की ती वाट बंद होऊ शकते.
डोळ्यातला दाब झपाट्याने वाढतो.
हा काचबिंदूचा तीव्र झटका.

डोळा लाल होतो, असह्य दुखतो.
दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात.
मळमळते, उलटी होते.
अशा वेळी सकाळची वाट पाहू नका.
लगेच रुग्णालयात जा.
उशीर झाला, तर दृष्टी जाऊ शकते.

म्हणून पुन्हा सांगते,
पोटदुखीची गोळी डोळ्यावरही परिणाम करू शकते.
गोळीच्या पाकिटावरचे औषधाचे नाव वाचा.
तुम्हाला किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल,
तर डॉक्टरांना ते आधी सांगा.
विचारल्याशिवाय गोळी घेऊ नका.

डोळे जपा.