टाके की पिना?

मैत्रिणींनो, सिझेरियननंतर पोटाची कातडी कशाने जोडली, हे आपल्यापैकी किती जणींना कुणी सांगितलं? कातडीच्या आतून विरघळणारा दोरा घालतात, नाहीतर धातूच्या पिना मारतात. पिना झटपट लागतात, नंतर काढाव्या लागतात. २०१४ साली अमेरिकेतला ७४६ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिना लावलेल्या शंभरातल्या जवळजवळ अकराजणींना जखमेचा त्रास झाला, टाके घातलेल्या पाचजणींना. टाक्यांना दहाएक मिनिटं जास्त लागली. मी विचारते, ही दहा मिनिटं वाचतात कुणाची? जखम उकलली की तान्हं मूल घेऊन ड्रेसिंगच्या रांगेत बाईच उभी असते! ब्रिटनच्या २०२१ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांचाही कल टाक्यांकडेच आहे. तेव्हा नाव नोंदवतानाच डॉक्टरांना विचारा, सासूबाईंनाही सोबत न्या.