घरातले संगणक आणि त्यांच्या किल्ल्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'संगणक व नवी उपकरणे : एका प्रोग्रामर स्त्रीचे अनुभव' असा. विषय भारदस्त आहे. अनुभव मात्र अगदी घरगुती आहेत. मी संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करते एवढे कळले, की विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू मला दुरुस्त करता येते अशी आप्तेष्टांची समजूत होते. कुणाचा प्रिंटर कागद ओढीत नाही, कुणाचा रिमोट रुसला आहे. एका लग्नात तर मंगलाष्टके चालू असतानाच माझ्या हाती एक मोबाइल देण्यात आला, "आवाज येत नाही, जरा बघ गं!" आता, शिवणकाम येणाऱ्या बाईला कापडाची गिरणी चालवता येईलच असे थोडेच आहे? माझा दिवस बहुधा दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात आणि त्यातली चूक हुडकण्यात जातो. पण या समजुतीमुळे एक झाले. पुष्कळ घरांतली यंत्रे मला जवळून पाहावयास मिळाली, आणि यंत्र पाहताना घरही दिसतेच.

घराघरांतून मला एकच वाक्य ऐकू येते : "ते सगळे हे बघतात." हे नसतील तर मुलगा बघतो. विजेचे बिल, विमा, मुदत ठेवी, गॅसची नोंदणी, मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, सारे एका यंत्रात. आणि त्या यंत्राचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात. भिशीचा पै न् पैचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी बाई संगणकाचे नाव निघाले की "मला त्यातले काही कळत नाही" म्हणून मोकळी होते. हे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगते.

आमच्या इमारतीत एक काकू राहतात. काका गेले ते अचानक, एका रात्रीत. मोठे टापटिपीचे गृहस्थ. घरातला कागद न् कागद त्यांनी लॅपटॉपमध्ये लावून ठेवला होता, जुन्या फोटोंच्या प्रतीही त्यातच. तेरावा झाला आणि काकूंनी लॅपटॉप उघडला, तो त्याने पासवर्ड मागितला. फोनने आकडे मागितले. काकूंनी काकांची जन्मतारीख घातली, लग्नाची तारीख घातली, नातीची घातली. प्रत्येक चुकीबरोबर फोन अधिकाधिक वेळ थांबा म्हणू लागला. मग मला बोलावणे आले. "तू यातलीच ना? पाच मिनिटांचे काम!"

पूर्वी ते खरेच पाच मिनिटांचे होते. जुन्या संगणकाचे कुलूप नुसते दारावर असे. आतली तबकडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की सर्व काही वाचता येई. आता तसे राहिलेले नाही. यंत्रात जे जे साठवले जाते ते सांकेतिक रूपात साठवले जाते, आणि किल्लीवाचून त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. मलाच काय, फोन बनवणाऱ्यालाही नाही. कुलूप दारावर नाही, अक्षराअक्षरावर आहे म्हणा ना. ही व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणणार नाही. बसमध्ये फोन चोरीला गेला तर हीच आपले रक्षण करते. पण चोर कोणता आणि पत्नी कोणती, एवढे मात्र तिला समजत नाही.

लॅपटॉपला एक राखीव किल्ली असते, ४८ आकड्यांची. ती बहुधा मालकाच्या खात्यात जपलेली असते. खाते उघडावयाचे तर फोनवर येणारा संदेश हवा, आणि फोन तर बंद! कपाटाची किल्ली तिजोरीत आणि तिजोरीची कपाटात, अशी गत झाली. शेवटी काकूंच्या जावयांनी काकांच्या फोनातले सिमकार्ड काढून घरातल्या एका जुन्या फोनात घातले. संदेश तेथे आला, खाते उघडले, ते ४८ आकडे मिळाले, आणि तबकडी माझ्या संगणकाला जोडून आम्ही एकेक फाइल बाहेर काढली. फोन मात्र उघडला नाही तो नाहीच. शेवटच्या दोन वर्षांचे फोटो त्यातच आहेत. काकूंनी तो फोन रुमालात गुंडाळून ठेवला आहे.

पैशाचे म्हणाल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद दाखवून, हेलपाटे घालून, तो मिळतो, काकूंनाही मिळाला. फोटोंना आणि पत्रांना असा दाखला चालत नाही.

पत्रांवरून आठवले. काकांनी १९९८ च्या सुमारास आपल्या बहिणीला संगणकावर मराठीतून लिहिलेली पत्रे त्यात निघाली. उघडून पाहतो तो काय, इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कसलीकसली चिन्हे! काकू म्हणाल्या, "हेही कुलूपच का?" कुलूप नव्हते. त्या काळचे मराठी टंक म्हणजे एक प्रकारचा मुखवटा होता. संगणक मनात इंग्रजी अक्षर धरी आणि तो टंक त्या जागी मराठी आकार दाखवी. टंक गेला की मुखवटा गळला! युनिकोड पद्धतीत १९९१ पासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. 'क' चा क्रमांक २३२५, मग टंक कोणताही असो. पण ही पद्धत आपल्या घरांत आणि छापखान्यांत रुळावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि तोवरचे किती तरी मराठी लेखन असे मुखवट्यात अडकून पडले आहे. ते पालटून देणारे प्रोग्राम आहेत. परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत ते अडखळतात. ती पत्रे मी पालटली आणि चुका काकूंनी दुरुस्त केल्या. पाठवण्याआधी काका प्रत्येक पत्र त्यांना वाचून दाखवीत, त्यामुळे कोठे कोणता शब्द असावा हे त्या न पाहता सांगत. चार रविवार आमचे हे काम चालले होते.

आता थोडे उपयोगाचे. आपल्या पश्चात खाते कुणाच्या हाती द्यावे हे आधीच सांगून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ मध्ये केली. इतके महिने मी फिरकले नाही तर अमक्या व्यक्तीला कळवा, असे त्यात लिहिता येते. ॲपलच्या फोनवर तशी सोय २०२१ च्या डिसेंबरात आली. वारसाला तेथे एक किल्ली आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. दोन्ही गोष्टी फुकट आहेत आणि चहाचे आधण येईतो होतात. हेही ऐकून ठेवा की सलग दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते आतल्या फोटोंसकट पुसून टाकण्याचा नियम गूगलने केला असून तो २०२३ च्या डिसेंबरापासून अमलात आहे. तेव्हा दुःख ओसरल्यावर बघू म्हणून फार काळ थांबता येत नाही.

याहून साधा उपाय म्हणजे वही. पासवर्ड कागदावर लिहू नये असे शिकवणारे माझ्या धंद्यातले काही लोक नाके मुरडतील. मुरडोत बापडे! कचेरीत ते खरे आहे. घरात मात्र लिहून, पाकिटात घालून, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलेला कागद मला पुष्कळ बरा वाटतो. चोर घरात शिरलाच तर तो आधी डबा नेईल. बँकेचे गुप्त आकडे तेवढे त्या कागदावर नकोत. आणि ही वही दोन्ही अंगांनी असावी. तुमच्या फोनातले तरी घरात दुसऱ्या कुणाला कोठे माहीत असते?

येताना चिटणीसबाईंनी मला मंडळाचे कपाट दाखवले. आपल्या जुन्या स्मरणिकांच्या सात सीडी त्यात आहेत. वरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या आहेत आणि मजकूर त्याच जुन्या टंकांतला असणार. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना सीडी घालावयाची फटच नसते. पण बाहेरून जोडावयाचे यंत्र माझ्यापाशी आहे. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता ते घेऊन मी येथे येईन. सातांपैकी किती वाचता येतील ते आज सांगता येत नाही. ज्यांनी त्या स्मरणिकांत लिहिले, किंवा ज्यांना ते लेख आठवतात, त्या भगिनींनी चष्मा घेऊन यावे. छापील जुना अंक कुणाच्या माळ्यावर असेल तर तोही आणावा.