मादी वगळण्याची सवय



अध्यक्ष म्हणून मिळालेल्या या वेळात मी एकच आग्रह धरणार आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मादी वगळायची आपली सवय आता मोडायला हवी.

हेक्सोबार्बिटल या झोप आणणाऱ्या बार्बिट्युरेटचा प्रयोग इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. रॅटच्या पोटात इंजेक्शन द्यायचं, तो निपचित पडला की पाठीवर निजवायचा आणि घड्याळ लावायचं. आपणहून वळून चार पायांवर आला की वेळ टिपायची. वजनाच्या हिशेबानं मात्रा सारखीच, पण नर उठून पिंजरा हुंगू लागतो तेव्हा मादी गाढ झोपेत असते. बार्बिट्युरेटच्या बाबतीत हा फरक निकोलस आणि बॅरन यांनी १९३२ मध्येच नोंदवला होता. क्विन, ॲक्सेलरॉड आणि ब्रॉडी यांनी १९५८ मध्ये त्याचं मूळ यकृतात दाखवलं. मादीचं यकृत हे औषध सावकाश निकामी करतं. तिला टेस्टोस्टेरॉन दिलं की झोप आखडते, नराला इस्ट्रॅडिऑल दिलं की लांबते.

त्यापुढचा उलगडा मला औषधशास्त्रातला फार देखणा भाग वाटतो. यकृताला हुकूम येतो तो पिट्युटरीकडून. प्रौढ नर रॅटच्या रक्तात ग्रोथ हार्मोन साधारण साडेतीन तासांनी उसळतं आणि मधल्या वेळात जवळजवळ नाहीसं होतं. मादीत ते सतत झिरपत राहतं. औषध निकामी करणारं कोणतं सायटोक्रोम एन्झाइम यकृत बनवणार हे या लयीवर ठरतं : नरात सीवायपी २सी११, मादीत २सी१२. नराला हेच हार्मोन अखंड देत राहिलं, तर त्याचं यकृत मादीसारखं वागू लागतं!

अर्थात रॅटचा हा हिशेब जसाच्या तसा माणसाला लागू होत नाही. माऊसमध्येसुद्धा चित्र वेगळं दिसतं. माणसात स्त्री-पुरुषांमधला फरक बराच कमी असतो, पण कमी म्हणून तो सोडून देता येत नाही. झोल्पिडेम हे झोपेचं औषध घ्या. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं स्त्रियांसाठी त्याची साधी गोळी १० ऐवजी ५ मिलिग्रॅमची करायला लावली, कारण सकाळी गाडी चालवण्याच्या वेळी त्यांच्या रक्तात औषध जास्त उरत होतं. तोवर हे औषध तिथं दोन दशकं वापरात होतं.

तरीही ‘मादी नको, तिच्या ऋतुचक्रामुळे आकडे विखुरतात’ हे आपल्या विभागांत सर्रास ऐकू येतं. २०१४ मध्ये प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी माऊसवरचे जवळपास तीनशे प्रकाशित अभ्यास तपासले. चक्राचा दिवस न पाहता घेतलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले निघाले नाहीत. प्राणी दुप्पट लागतील, ही दुसरी तक्रार. बहुतेक वेळा तीही टिकत नाही. आहेत त्याच गटांत निम्मे नर आणि निम्म्या माद्या घेऊन आराखडा नीट बसवता येतो.

म्हणून तरुण संशोधकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्राणी-नैतिकता समितीकडे प्रस्ताव पाठवताना ‘नर विस्टार रॅट’ हे शब्द सवयीनं उतरवू नका. मादी वगळायचीच असेल तर कारण लिहा, आणि दोन्ही घेतले असतील तर तक्त्यात नर-मादीचे आकडे वेगवेगळे मांडा.