अर्ज वाचा, मग सही करा
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

आज आम्ही तुम्हाला एका अर्जाची गोष्ट सांगणार आहोत. अर्ज परदेशी जाण्याचा. तुम्ही म्हणाल, आमचा त्याच्याशी काय संबंध? पण आज आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या किती तरी गावांची मुले परदेशी आहेत. कुणाचा मुलगा दुबईत, तर कुणाची लेक अमेरिकेत. उद्या तुम्हालाही बोलावणे येईल.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गृहस्थ येतात. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांची लेक अमेरिकेत असते. तिला मुलगा झाला. तिने फोन केला, "तात्या, नातवाला बघायला या."

तात्यांना आनंद झाला. पण मनात एक काटा होता. २००९ साली बांधावरून भावकीत हाणामारी झाली होती. पोलिसांनी तात्यांना पकडून नेले. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. खटला तीन वर्षे चालला. शेवटी लोकअदालतीत तडजोड होऊन तो मिटला. भाऊ-भाऊ पुन्हा एका पंगतीला बसले.

परदेशी जायला दोन कागद लागतात. पहिला पासपोर्ट. तो आपले सरकार देते. दुसरा व्हिसा. म्हणजे ज्या देशात जायचे, त्या देशाची परवानगी. पहिला मिळाला म्हणजे दुसरा मिळेलच असे नाही.

आधी पासपोर्टचे पाहू. आपल्याकडे १९६७ चा पासपोर्ट कायदा आहे. चोरी, फसवणूक अशा नीतीला सोडून असलेल्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली असेल, आणि ती गेल्या पाच वर्षांत झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. फौजदारी खटला कोर्टात चालू असेल, तरीही नाकारता येतो.

पण म्हणून घाबरून घरी बसू नका. खटला चालू असला तरी वाट आहे. ज्या कोर्टात खटला आहे, त्याच कोर्टाकडे परदेशी जाण्याची परवानगी मागता येते. २५ ऑगस्ट १९९३ ला सरकारने तशी अधिसूचना काढली आहे. कोर्ट सांगेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. कोर्टाने मुदत सांगितली नाही, तर एक वर्षाचा मिळतो. आणखी एक. ठाण्यात नुसती तक्रार नोंदली म्हणजे खटला सुरू झाला असे नव्हे. पोलिसांनी दोषारोपपत्र दिले आणि कोर्टाने त्याची दखल घेतली, म्हणजे खटला चालू धरतात.

वर्गातल्या एका पारधी बांधवाने आम्हाला विचारले, "आमच्या जातीचाच गुन्हा लिहितील का हो?" त्याचे विचारणे चुकीचे नव्हते. १८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर पास घ्यायचा. काही केलेले नसले तरी! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. आज अर्जात तुमच्या जातीचा गुन्हा विचारत नाहीत. तुम्ही स्वतः काय केले, तुमच्यावर खटला आहे का, एवढेच विचारतात. उत्तरही तेवढ्याचेच द्या.

आता तात्यांकडे वळू. खटला मिटलेला होता. पासपोर्ट मिळाला. मग व्हिसाचा अर्ज आला. तो इंग्रजीत. तात्या एका एजंटाकडे गेले. त्याने भराभर अर्ज भरला आणि म्हणाला, "तात्या, इथं फक्त बटण दाबा."

तात्या म्हणाले, "थांबा. आधी मला वाचून दाखवा."

एजंट हसला. पण तात्या उठले नाहीत. नववीत शिकणारी नात बरोबर होती. ती एक एक प्रश्न वाचून मराठीत सांगू लागली. एका प्रश्नावर ती थांबली. "आजोबा, इथं विचारलंय, तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली होती का? माफी मिळाली असली तरी सांगा म्हणतात. आणि यांनी 'नाही' लिहिलंय."

एजंट म्हणाला, "जुनी भानगड कशाला उकरता? मिटलंय ना सगळं?"

बंधू-भगिनींनो, इथेच माणूस फसतो. तडजोडीने मिटलेला खटला आपल्या कायद्यात निर्दोष सुटल्यासारखाच असतो, हे खरे. पण प्रश्न निकालाचा नव्हता. प्रश्न अटकेचा होता, आणि अटक तर झाली होती.

खरे सांगितले तर काय होईल? कदाचित आणखी चौकशी होईल. कागद मागतील. कदाचित नाहीही म्हणतील. पण खोटे सांगितले आणि उघडकीला आले, तर फार महागात पडते. मुद्दाम खोटे सांगणाऱ्याला अमेरिका कायमची बंदी घालू शकते. मग खास सूट मिळाल्याशिवाय आत जाता येत नाही. ब्रिटनची बंदी दहा वर्षांपर्यंत असू शकते. कॅनडाची पाच वर्षे. पासपोर्टच्या अर्जात खोटे लिहिले, तर आपल्याच कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मिटलेल्या जुन्या गुन्ह्यापेक्षा नवे खोटे जड होते. खोट्याच्या कपाळी गोटा, म्हणतात ते उगीच नाही.

एजंट तर पैसे घेऊन मोकळा होतो. अर्ज दुसऱ्याने भरला तरी सही आपली असते. जबाबदारीही आपलीच.

तात्यांनी 'नाही' खोडायला लावले आणि 'होय' लिहायला लावले. मग ते तालुक्याच्या कोर्टात गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण कागद आणायला पायरी चढावीच लागते. त्यांनी निकालाची सहीशिक्क्याची नक्कल काढली. तिचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. दोन्ही कागद एका पिशवीत घातले.

तुम्हीही असेच करा. घरात कुणावर खटला झाला असेल, तर चार गोष्टी आजच वहीत लिहा. खटल्याचा नंबर, कोर्टाचे नाव, निकालाची तारीख आणि निकाल काय लागला ते. निकालाची नक्कल काढून जपून ठेवा. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे फुकट वकील मिळू शकतो. कमी मिळकतीच्या इतर लोकांनाही मिळतो. अर्ज इंग्रजीत असेल तर प्रत्येक प्रश्न मराठीत समजून घ्या. आपले उत्तर आधी आपल्या वहीत लिहा. मग अर्जातले उत्तर तेच आहे का, ते कुणाकडून तरी ताडून घ्या.

तात्यांची मुलाखत पुढच्या महिन्यात मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत आहे. व्हिसा मिळेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. नातवाला मांडीवर घेता येईल की नाही, हा घोर त्यांना आहेच. पण दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले आणि आपली वही आमच्यापुढे ठेवली. त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते : "होय. अटक झाली होती. भांडण मिटले. कागद जवळ आहेत."

अक्षर वाकडे होते. पण उत्तर सरळ होते. पूर्वी हेच तात्या न वाचता अंगठा उठवीत असत.