रोलरबॉल : खेळ आणि त्याचे मालक

नॉर्मन ज्युईसन यांनी दिग्दर्शित केलेला 'रोलरबॉल' हा चित्रपट १९७५ साली प्रदर्शित झाला. त्याची कथा घडते २०१८ साली. या कल्पित २०१८मध्ये देश उरलेले नाहीत. कंपन्यांच्या युद्धांत ते लयाला गेले आणि जगाचा कारभार ऊर्जा, अन्न, वाहतूक, घरे, संदेशवहन, चैनीच्या वस्तू अशा एकेका गरजेचा मक्ता घेतलेल्या कंपन्यांच्या हाती आला. उपासमार नाही, लढाया नाहीत. अट एवढीच की वरच्यांच्या निर्णयात कुणी तोंड घालायचे नाही. सामन्यापूर्वी राष्ट्रगीताऐवजी कंपनीचे गीत वाजते आणि प्रेक्षक निमूटपणे उभे राहतात.

या जनतेच्या करमणुकीसाठी रोलरबॉल आहे. गोल, आतल्या बाजूला उतरती धावपट्टी. प्रत्येक संघात चाकांच्या बुटांवरचे सात आणि मोटरसायकलींवरचे तीन असे दहा खेळाडू. तोफेतून सुटावा तसा पोलादी गोळा धावपट्टीच्या वरच्या कडेने सुसाट फिरू लागतो. तो हातमोज्यात पकडायचा आणि चुंबकीय गोलात नेऊन ठोकायचा. मोटरसायकलींना मागे दांडा असतो; तो धरून स्केटवरचे खेळाडू वेग घेतात. हातमोज्यांना खिळ्यांसारखी टोके आहेत. चेंडू पकडणे हे या मोज्यांचे एकच काम नाही, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळते.

ही धावपट्टी म्युनिकमध्ये बांधली गेली. १९७२च्या ऑलिंपिकमधील बास्केटबॉलचे सामने ज्या सभागृहात झाले, तिथेच. सायकल शर्यतींच्या धावपट्ट्या आखण्यात मुरलेले जर्मन तज्ज्ञ हर्बर्ट श्यूरमान यांच्याकडे तिची आखणी होती. कंपनीचे मुख्यालय म्हणून दिसणारी इमारतही म्युनिकचीच, बीएमडब्ल्यूची. सामन्यांत दिसणारी धडपड बव्हंशी खरी आहे. संगणकावर माणसे उडवण्याची सोय तेव्हा नव्हती. स्केट घालून, मोटरसायकलींवरून स्टंट कलाकारच आदळत होते. त्यांची नावे श्रेयनामावलीत देण्याची उचित प्रथा हॉलिवूडमध्ये या चित्रपटाने पाडली. नायकाच्या भूमिकेतले जेम्स कान यांना रोडिओची आवड होती. पडण्याची त्यांना सवय होती म्हणायची.

कथेचा नायक जोनाथन ई. हा ह्यूस्टन संघाचा दहा वर्षे गाजलेला खेळाडू. ह्यूस्टन हे ऊर्जा कंपनीचे शहर. कंपनीचे प्रमुख बार्थोलोम्यू त्याला बोलावून गोडीगुलाबीने सांगतात, आता निवृत्त हो. ही भूमिका जॉन हाउसमन यांची आहे आणि आवाज जराही न चढवता धमकी कशी द्यावी, याचा तो वस्तुपाठ आहे. कारण सांगितले जात नाही, पण ते उघड आहे. एकट्याने कितीही धडपड केली तरी हाती काही लागत नाही, हे लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी हा खेळ रचलेला आहे. त्यात एखादा खेळाडू दहा वर्षे टिकला आणि लोक संघाऐवजी त्याच्या नावाचा जयघोष करू लागले, तर खेळाचा मूळ हेतूच फसतो.

जोनाथन नकार देतो. कंपनी त्याच्यावर मारेकरी घालत नाही. ती नियम बदलते. टोकियोच्या सामन्यात दंड रद्द होतात आणि राखीव खेळाडूंवर मर्यादा येते. त्या सामन्यात जोनाथनचा जिवलग मूनपाय कायमचा बेशुद्धावस्थेत जातो. त्याची कृत्रिम जीवनरक्षा थांबवण्याच्या कागदावर सही करायला जोनाथन नाकारतो. डॉक्टर इस्पितळाच्या नियमांचा हवाला देतात, तेव्हा नियम वगैरे काही नसतात, असे तो सुनावतो. चित्रपटाचा गाभा इथे आहे. न्यूयॉर्कविरुद्धच्या अंतिम सामन्यात दंड नाही, बदली खेळाडू नाही, वेळेची मर्यादाही नाही. म्हणजे सगळे आडवे होईपर्यंत खेळायचे.

मैदानाबाहेरचे प्रसंग काहीसे रेंगाळतात, विशेषतः जोनाथनच्या पूर्वीच्या पत्नीचे. मात्र जिनिव्हातल्या ग्रंथालयाचा प्रसंग विसरता येत नाही. कंपन्या निर्णय कसे घेतात, हे शोधत जोनाथन तिथे पोचतो. पुस्तके आता संक्षिप्त होऊन 'झीरो' नावाच्या संगणकात गेलेली आहेत. राल्फ रिचर्डसन यांनी रंगवलेला विक्षिप्त ग्रंथपाल सहज सांगून जातो की या यंत्राने तेरावे शतकच हरवून टाकले आहे, आणि हरवले ते दान्ते व काही भ्रष्ट पोप वगळता फारसे नव्हतेच! प्रश्न विचारल्यावर यंत्र गोल गोल उत्तरे देते. चिडलेला ग्रंथपाल त्याला लाथा घालतो.

दुसरा प्रसंग मेजवानीचा. पहाटे उंची कपड्यांतले पाहुणे बागेत येतात आणि आग ओकणाऱ्या पिस्तुलाने मोठमोठी झाडे एकेक करून पेटवतात. त्यांच्या हसण्यात रोलरबॉलच्या प्रेक्षकांचाच आवाज आहे; फक्त तिकिटाचा वर्ग वरचा.

अंतिम सामन्यात शेवटी जोनाथन आणि एकच प्रतिस्पर्धी उरतो. गोळा त्याच्या डोक्यात घालायला उचललेला हात जोनाथन थांबवतो, उठतो आणि सामन्यातला एकमेव गोल करतो. स्तब्ध झालेली गर्दी त्याचे नाव घेऊ लागते. चित्रपटाच्या आरंभी ऐकू आलेले बाखचे ऑर्गन-संगीत पुन्हा वाजते. जोनाथन जिंकला की गर्दीला नवा मालक मिळाला, हे दिग्दर्शक सांगत नाही.

मूळ कथा विल्यम हॅरिसन यांची. ती १९७३ साली 'एस्क्वायर' मासिकात आली आणि पटकथाही त्यांनीच लिहिली. ज्युईसन कॅनडाचे; आइस हॉकीतली मारामारी आणि तिला मिळणाऱ्या टाळ्या त्यांना ठाऊक होत्या. हिंसेच्या करमणुकीवर टीका करणाऱ्या या चित्रपटात सर्वांत रंगतदार भाग हिंसेचाच झाला, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो निराधार नाही. हा खेळ प्रत्यक्षात सुरू करण्याच्या सूचनाही पुढे आल्या. त्यांनी ज्युईसन संतापले.

२००२ साली जॉन मॅकटिअर्नन यांनी याच नावाने नवा चित्रपट काढला. त्यात धडाका ठेवला आणि कंपन्यांच्या राजवटीचा विचार गाळला. तो तिकीटबारीवर आपटला आणि समीक्षकांनीही त्याला झोडपले. पाहायचा तो १९७५चाच.